बिनकानाचा गृहस्थ

अंगाने अगदी किरकोळ. छापायला घेतला तर दोन पानं खूप झाली. वय सव्वाशेच्या पुढे गेलेलं. जन्म कलकत्त्याचा, जन्माचं कारण मुंबईचं आणि बदनामी सगळी पुण्याची. सरकारदरबारी याला ‘साथरोग कायदा, १८९७’ म्हणतात. आपल्याकडच्या कायद्यांचा गोतावळा पाहावा तर एकेकाच्या पोटात पाचपाचशे कलमं, त्यांची उपकलमं, परंतुकं, अनुसूच्या. त्या मांदियाळीत हा मात्र चार कलमांवर आयुष्य काढलेला. पुढे कुणीकुणी लावलेली ठिगळं सोडली तर मूळ अंगकाठी आजही तीच.

पहिल्या कलमात तो आपलं नाव आणि गाव सांगतो. दुसऱ्यात हात दाखवतो. धोकादायक साथ आली आहे किंवा येऊ घातली आहे आणि नेहमीचे कायदे पुरे पडत नाहीत, असं सरकारला वाटलं की सरकारने आवश्यक वाटतील ते उपाय करावेत, आवश्यक वाटतील ते नियम काढावेत. रेल्वेने वा अन्य मार्गाने जाणाऱ्यांना तपासावं. तपासणाऱ्याला ज्याचा संशय येईल त्याला इस्पितळात, तात्पुरत्या जागेत किंवा आणखी कुठे वेगळं ठेवावं. तिसऱ्या कलमात काठी आहे, तीही उसनी, दंड संहितेच्या १८८व्या कलमाकडून आणलेली. मुळात दोनशे रुपये दंड किंवा महिनाभर कैद. जिवाला धोका होण्यासारखं वागलात तर हजार रुपये किंवा सहा महिने. चौथं कलम म्हणजे चिलखत. या कायद्याखाली कुणी सद्भावनेने काही केलं असेल तर त्याच्यावर दावा चालणार नाही.

झाला माणूस पुरा. नाव आहे, हात आहेत, काठी आहे, चिलखत आहे. कान नाहीत.

धोकादायक साथ कशाला म्हणायचं ते तो सांगत नाही. संशयिताला किती दिवस ठेवायचं, तिथे त्याला जेवण कोण देणार, बाईला कोण तपासणार, चुकून नेलेल्याने कुणाकडे दाद मागायची, याबद्दल एक अक्षर नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख येतो तोही ‘दिली तर’ अशा बेताने आणि चक्क कंसात. त्यात सामान्य माणूस भेटतो तो प्रवासी म्हणून, संशयित म्हणून, नाहीतर आज्ञा मोडणारा म्हणून. आपलं दुखणं स्वतःहून सांगायला आलेला माणूस या कायद्याने कल्पिलेलाच नाही. आणि साथीच्या दिवसांत खरी बातमी असते ती त्याच माणसाकडे. कुणाला काल रात्री थंडी वाजून आली, कुणाच्या काखेत गाठ आली, कोण परगावाहून येऊन माळ्यावर झोपलं आहे, हे सरकारच्या कुठल्याच दप्तरात नसतं. घरच्यांनी सांगितलं तर कळतं.

हा जन्मला त्याआधीचे पाच महिने मुंबईने काय पाहिलं होतं ते जरा पाहू. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीचा ताप ओळखला आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी फर्मान काढलं की रोगी दिसला की उचलायचा, इस्पितळात न्यायचा. घरच्यांची संमती असो वा नसो. इस्पितळात गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण न्यायचे तेव्हाच तो शेवटच्या घटकेला आलेला असे. लोकांनी आपला हिशेब मांडला. तिथे माणसाला मारतात, त्याच्या अंगातून मोमिआई नावाचं औषध काढतात. व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कुणी डांबर फासलं ना, म्हणून ती आता माणसांची काळजं मागते आहे. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. स्नोसाहेब व्यवहारी गृहस्थ असावेत, कारण त्यांनी लगेच दोरी सैल सोडली आणि घरात वेगळं ठेवण्याची सोय असेल तर रोग्याला उचलायचं नाही असं ठरलं. भंगी कामगार पळून गेले तर शहराचं काय होईल, ही भीती त्यांना प्लेगइतकीच मोठी वाटत होती. शहर तरी कुठे थांबलं होतं? फेब्रुवारीपर्यंत मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर पडली होती.

एवढं सगळं समोर घडलेलं असताना कलकत्त्याच्या कौन्सिलात २८ जानेवारी १८९७ रोजी जॉन वुडबर्न यांनी या कायद्याचा मसुदा मांडला. आठवड्याने, ४ फेब्रुवारीला समितीचा अहवाल आला, थोडी चर्चा झाली आणि त्याच दिवशी कायदा मंजूर झाला. गंमत अशी की हे अधिकार असाधारण आहेत हे वुडबर्न यांनी स्वतःच कबूल केलं. पण असाधारण प्रसंगी, त्यांचं म्हणणं असं, लोकांनी कारभार करणाऱ्यांच्या विवेकावर विश्वास ठेवायला हवा. म्हणजे बारशाच्या दिवशीच विश्वासाची मागणी झाली होती. मसुद्यात मात्र तो मिळवण्याची कुठलीच तजवीज नव्हती. लोकांनी ठेवावा, आम्ही नियम काढू, असा तो सौदा.

पुण्यात त्याने ऐन तारुण्य घालवलं, आणि ते असं घालवलं की पुढे शंभर वर्षं त्याचं नाव निघालं की रँडचं निघावं. वॉल्टर चार्ल्स रँड फेब्रुवारीत प्लेग कमिटीचा प्रमुख म्हणून आला. तो पुण्याला अनोळखी नव्हता. साताऱ्याकडे असिस्टंट कलेक्टर असताना वाईच्या वाजंत्री-मिरवणुकीच्या प्रकरणात त्याने तिथल्या प्रतिष्ठितांना तुरुंग दाखवला होता. वाईची बातमी पुण्याला पोचायला आगगाडी लागत नाही. तेव्हा कमिटीने पहिला नियम काढला त्याआधीच घराघरांतून तिच्याबद्दलचं मत ठरून गेलेलं होतं. साथरोगाच्या अभ्यासात हा भाग कुणी मोजत नाही, पण साथ येते तेव्हा सरकारची पाटी कोरी नसते. आधीच्या वीस वर्षांत सारा कसा वसूल केला, पोलिसाने चौकीत कसं बोलावलं, कचेरीत किती खेटे घालायला लावले, ते सगळं त्या पाटीवर लिहिलेलं असतं.

मार्चमध्ये तपासण्या सुरू झाल्या. आठशेहून अधिक अधिकारी आणि शिपाई, त्यांत गोरे सोजीरही. घरात शिरायचं, माणसं बाहेर काढायची, काखा-जांघा चाचपायच्या. रोगी इस्पितळात, घरची माणसं गावाबाहेरच्या छावणीत, बिछाने आणि कपडे आगीत. जमीन खणायची, भिंतींना चुना लावायचा. ज्या माजघरात परका पुरुष कधी आला नाही तिथे बुटांसकट सोजीर आला. देवघराचा प्रश्न तर वेगळाच. याला ‘सोवळ्याचं वेड’ म्हणून हसणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण दारात हत्यारी परका उभा राहिला तर सोवळं न पाळणाऱ्या घरातली बाईही किवाड लावूनच घेईल.

या दांडगाईमागचं शास्त्रही कच्चं होतं. प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवलं आणि ते पटायलाही पुढे काही वर्षं गेली. १८९७ मध्ये साहेब जमिनीत, भिंतींत, हवेत रोग शोधत होता. गावाकडच्या माणसाला शास्त्र ठाऊक नव्हतं. पण घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं, रानात झोपड्या घालून राहायचं, हे त्याला कळत होतं. त्यात उंदीर मागे राहत, पिसवा मागे राहत आणि माणसं वाचत. पुढे सरकारने हाच उपाय आपला म्हणून स्वीकारला. १८९७ च्या वसंतात तो कुणी विचारला असता तर? पण विचारायला, म्हणजे उत्तर ऐकायला, कान लागतात.

लोकांनी मग जे करायचं ते केलं. रोगी लपवले. माळ्यावर, कोठीत, शेजाऱ्याच्या परसात. मेलेला माणूस गुपचूप घरातच पुरल्याच्या कथा आहेत. नियम जितका कडक तितका रोग आत दडत गेला. उन्हाळ्यात साथ ओसरली तेव्हा कमिटीला वाटलं आपण जिंकलो. पावसाळ्यात ती परत आली.

रँडच्या अहवालातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बाईच्या अब्रूला जाणूनबुजून धक्का लावल्याची विश्वासार्ह तक्रार आपल्यापर्यंत आली नाही, याचं त्याने समाधान नोंदवलं आहे. तो खोटं लिहीत असेलच असं नाही. तक्रार आली नसेल. पण ज्या कमिटीकडे तक्रार करायची त्याच कमिटीचे शिपाई घरात शिरत होते, आणि चौथ्या कलमाने त्यांना आधीच चिलखत दिलं होतं. अशा ठिकाणी तक्रार घेऊन जाणार कोण? विश्वास उडाला की माणसं बोलायची थांबतात, आणि साहेब त्या गप्प बसण्याला संमती समजतो. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोजिरांनी दोन बायकांवर अत्याचार केल्याचं त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, आणि पुढे यायला कुणी तयार होईना. टिळक अटकेत होते, नातूबंधूंना खटला न चालवता पकडून नेलं होतं. त्या दिवसांत आपलं नाव साक्षीदार म्हणून कोण देईल? गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. पंडिता रमाबाईंनीही छावणी-इस्पितळातल्या बायकांच्या हालांबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये लिहिलं. सरकारला ते पटलं नाही.

२२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गोळी घातली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चापेकरांच्या मनात प्लेगशिवाय इतरही बरंच काही होतं, त्या गोळीचा सगळा हिशेब आपल्या नायकाच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही. पण एका आरोग्याच्या नियमाचा शेवट खुनाच्या खटल्यात आणि फाशीत व्हावा, असं भाग्य फार थोड्या कायद्यांच्या वाट्याला आलं असेल.

त्याच पुण्यात, त्याच वसंतात, लोक रोगी लपवत नव्हते अशीही जागा होती. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंत यांनी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं. तो मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी, सोजिरांच्या तपासण्या सुरू व्हायच्या सुमारास, त्या गेल्या. रोग्याला घरातून हलवायचं, वेगळं ठेवायचं, हे कमिटीलाही हवं होतं आणि सावित्रीबाईंनाही. कृती तीच. नेणारं माणूस कोण, एवढाच फरक. टिळकांनीही पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभारायला हातभार लावला, आणि जे लोक सरकारी इस्पितळाच्या नावाने पळत ते तिथे जात. मुंबईत तर खोजा, मेमन, पारशी, जैन अशी जातवार, समाजवार इस्पितळं निघाली. आता या व्यवस्थेचं कौतुक करताना जरा जीभ अडखळते, कारण ज्याच्या मागे असा श्रीमंत समाज नव्हता तो सरकारी छपरातच गेला. पण माणसं निदान दार उघडून जात होती, हे खरं.

पुढे हा गृहस्थ जरा मऊ झाला. स्वतःहून नव्हे, दमून. सक्तीने साथ आटपत नाही हे सरकारच्या गळी उतरलं तेव्हा जोर उतरला आणि मन वळवण्याची भाषा सुरू झाली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली होती आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली होती. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, तेव्हा खोजा समाज पुढे आला. दहा नियमांनी झालं नसतं ते काम एका दंडाने केलं. हा विश्वास ठिसूळही तितकाच. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवालला लशीनंतर धनुर्वाताने एकोणीस माणसं दगावली आणि दोष हाफकिन यांच्या माथी आला. तो पुसला जायला १९०७ उजाडलं. तोवर लोक लशीकडे ज्या नजरेने पाहायला लागले ती कुठल्या चौकशी समितीला पुसता येणार? प्लेगने देशभरात एक कोटीहून अधिक माणसं नेली.

मग आपला नायक निजला. मधूनमधून कूस बदलली असेल. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी गेला तेव्हा त्याला थोडं हलवलं, महापालिकेच्या दवाखान्यांत तपासणी केंद्रं उघडून घेतली आणि परत झोपवलं. त्या वेळी लोकांना ओढून न्यावं लागलं नाही. उलट नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या. दुचाकीवर तोंडाला ओढणी बांधून फिरायची पुणेरी सवय होतीच. मास्कचा नियम तिथे फारसा उपरा वाटला नाही.

१३ मार्च २०२० ला महाराष्ट्रात त्याला पुरता जागा केला. चार दिवसांपूर्वी राज्यातले करोनाचे पहिले रुग्ण सापडले होते, कुठे तर पुण्यात. दुसऱ्याच दिवशी त्याच्या दुसऱ्या कलमाखाली राज्याची नियमावली निघाली. देशाची टाळेबंदी २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आली, पण रस्त्यावरच्या माणसाची गाठ पडायची ती याच्याशी आणि त्याच्या उसन्या काठीशी, १८८शी. नवं काय होतं? परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्का, आणि त्याला मतदानाची न पुसणारी शाई. पालघरला गरीबरथ थांबवून शिक्केवाल्या चौघा प्रवाशांना उतरवलं गेलं तेव्हा सहप्रवाशांच्या डोळ्यांत जे होतं ते नियमाचं प्रेम नव्हतं. प्लेगच्या मुंबईत घरावर अक्षरं रंगवत. आता इमारतीला पट्टी बांधून फलक लावला जाई. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मजला आणि खोली नंबर फिरे. मग तापाची माणसं काय करणार? पॅरासिटामॉल घ्यायची आणि खोकला उशीत दाबायची. माळ्यावर लपवण्याची कला आपण विसरलो नव्हतो, फ्लॅटमध्ये माळा नव्हता एवढंच.

तरी सुरुवातीला लोकांनी विश्वास ठेवला, भरपूर ठेवला. ओस पडलेला लक्ष्मी रोड आणि दादर स्टेशन केवळ पोलिसांच्या भीतीने झालं नव्हतं. तो विश्वास झिजला तो हळूहळू, आणि बहुतेक वेळा रोगाशी संबंध नसलेल्या कारणांनी. दूध आणायला निघालेल्याला चौकात उठाबशा काढाव्या लागल्या. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र एका धनाढ्य घरातली तेवीस माणसं मोटारींच्या ताफ्याने खंडाळ्याहून महाबळेश्वरला पोचली, सोबत गृह विभागातल्या बड्या अधिकाऱ्याचं पत्र. गुन्हा दाखल झाला, अधिकाऱ्याला सक्तीच्या रजेवर पाठवलं, सगळं रीतसर. पण पायी विदर्भाकडे आणि उत्तरेकडे निघालेल्या मजुरांनी ती बातमी कोणत्या मनाने ऐकली असेल? ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडच्या रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते रस्त्याने न जाता रुळांवरून का चालले होते, याचं उत्तर कुठल्याच नियमावलीत नाही, आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

राज्यात १८८ खाली दोन लाखांहून अधिक गुन्हे नोंदले गेले. मार्च २०२२ मध्ये सरकारनेच हे खटले मागे घेण्याचं जाहीर केलं. दोन लाख वेळा काठी उगारून ती शेवटी कोपऱ्यात ठेवली. बरं केलं. फक्त मनात येतं की काठी उगारल्याने किती संसर्ग थांबला आणि किती ताप घरात दडले, याचा हिशेब कधी कुणी मांडेल का?

त्याच कायद्याचं दुसरं रूप धारावीत दिसलं. अडीच चौरस किलोमीटरच्या आत आठ-दहा लाख माणसं, बहुतेकांचं शौचालय सार्वजनिक. १ एप्रिल २०२० ला पहिला रुग्ण सापडला तेव्हा सगळ्यांनी मनातल्या मनात धारावीला निरोप दिला होता. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने तिथे कडक अलगीकरणच केलं, गल्ल्या बंद केल्या, माणसं उचलून शाळांत, हॉलमध्ये, क्रीडासंकुलात नेली. वर्णन करू गेलं तर रँडच्या कमिटीशी फार फरक नाही. पण दारात गेले ते वर्षानुवर्षं तिथेच दवाखाना चालवणारे खाजगी डॉक्टर. पन्नास-शंभर रुपयांत औषध देणारा, पोराच्या गोवरापासून आजीच्या दम्यापर्यंत सगळं ठाऊक असलेला डॉक्टर पीपीई किट घालून घरात आला की माणूस सांगतो, हो, परवापासून कणकण आहे. अलगीकरणात जेवण मिळत होतं, रमझानमध्ये त्या वेळा सांभाळल्या जात होत्या. गेलेला माणूस चौदा दिवसांनी परत येत होता, आणि आला की गल्लीला सांगत होता. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. हेही सांगायला हवं की त्या महिन्यांत लाखभर माणसं गावी गेली होती आणि गर्दी कमी झाली होती. चमत्कार वगैरे म्हणायचं कारण नाही. पण तापाची बातमी वेळेवर कळत होती, हे त्यातलं मोठं काम.

सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या नावाने घरोघर तपासणी निघाली. १८९७ मध्ये दारात सोजीर होता, आता आशाताई. हातात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, तापमापक, वही. तिलाही दारं बंद झाली, शिव्या पडल्या, ‘तुला नाव सांगितलं की उचलून नेतात’ असं ऐकावं लागलं. तरीही गावातल्या कितीतरी बायकांनी जे तालुक्याच्या साहेबाला सांगितलं नसतं ते तिला सांगितलं, कारण मागच्या बाळंतपणात रात्री रिक्षातून दवाखान्यात सोबत आली होती ती हीच. चौथ्या कलमाचं चिलखत तिलाही लागू होतं म्हणे. पगार मात्र नव्हता, मानधन होतं. जून २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो आशांना त्यासाठी संपावर जावं लागलं. ज्या कायद्याला कान नव्हते त्याच्या वतीने जी ऐकत होती, तिचं ऐकायला कुणी नव्हतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने एक मोठा अभ्यास छापला. १७७ देशांची आकडेमोड. साथीला तोंड द्यायला कोण किती सज्ज, याचे जे निर्देशांक आधी काढून ठेवले होते त्यांचा संसर्गाच्या प्रमाणाशी फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो लोकांच्या सरकारवरच्या आणि एकमेकांवरच्या विश्वासाशी. त्यातही शेजाऱ्यावरचा विश्वास अधिक वजनदार निघाला. मला ते पटतं. मास्क मी लावतो तो समोरचाही लावील या हिशेबाने. वरचा मजला लग्नाला दोनशे माणसं बोलावतो आहे असं दिसलं की खालचा मजला पन्नासांचा नियम कशाला पाळील?

लशीच्या वेळी जुनी खोड पुन्हा डोकावली. मेळघाटात लशीने माणूस मरतो, अशी बोलवा होती. तिथे कोरकू भाषेत बोलून समजावण्याचे प्रयत्न झाले, आणि ते हळू का होईना चालले. नोव्हेंबर २०२१ मध्ये औरंगाबाद जिल्ह्यात मात्र फर्मान निघालं की एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही. रांगा वाढल्या, आकडे सुधारले. अधिकाऱ्याची बाजूही समजते, मागे पडलेल्या जिल्ह्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो. पण ज्याने पेट्रोलसाठी लस घेतली तो पुढच्या साथीत लशीबद्दल काय सांगेल ते सांगता येत नाही. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कुणाच्याही शरीरावर लशीची सक्ती करता येणार नाही, आणि सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालायचे तर ते प्रमाणात असावेत.

आता म्हातारपणी याच्यावर थोडी शस्त्रक्रिया झाली आहे. डॉक्टर-परिचारिकांवर दगड पडू लागले, घरमालक त्यांना खोली सोडायला सांगू लागले, तेव्हा २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरात संसदेने त्याचा कायदा केला. आरोग्यसेवकावर हात टाकणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, गंभीर इजा केली तर सात. हे आवश्यकच होतं. पण नीट पाहिलं तर चिलखतच जाड झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात याची पूर्ण तपासणी करून हा आजच्या काळाला पुरा पडत नाही असं लिहिलं. साथीचा आराखडा असावा, कार्यपद्धती ठरलेली असावी, केंद्र-राज्य-पालिका यांनी कोणी काय करायचं ते वाटून घ्यावं, नाहीतर सरळ नवा कायदा करावा. त्याआधी २०१७ मध्येही सार्वजनिक आरोग्याच्या विधेयकाचा एक मसुदा झाला होता. तो मसुदाच राहिला.

त्याची उसनी काठी तेवढी बदलली. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली, न्याय संहिता आली, १८८च्या जागी २२३वं कलम बसलं. दोनशे रुपयांचे अडीच हजार झाले, हजाराचे पाच हजार, आणि सहा महिन्यांची कैद वर्षावर गेली.